स्वतःला जीव लावायचा म्हणजे नेमकं करायचं काय?

आईची भाकरी शेवटची असायची. चुलीसमोर बसून ती पहिली भाकरी वडलांच्या ताटात टाकायची, मग दादाच्या, मग सालगड्याच्या, मग आम्हा पोरींच्या. सगळ्यांचं झालं की परातीला चिकटलेलं पीठ ओल्या बोटांनी खरवडून एक चानकी थापायची. तोवर जाळ विझत आलेला. अर्धीकच्ची भाजलेली ती चानकी ठेच्याची वाटी पुसत उभ्या उभ्या खायची आणि भांड्याला बसायची. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. लग्नानंतर मीही तेच करू लागले, फक्त चुलीच्या जागी गॅस होता.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या. तीन वर्षं त्यांचं सगळं केलं. त्या गेल्या आणि दिवस-कार्य उरकल्यावर मला उठवेनाच झालं. दुःख म्हणावं तर रडू येत नव्हतं. कशातच जीव रमत नव्हता. चहा गाळताना हात थांबायचा आणि मी गाळणीकडे बघत उभी राहायचे. कुणी उपवास सांगितले, कुणी शांती सांगितली. एका बुवांनी घरातला दोष काढायला 11 हजार मागितले आणि आडतीवर विकलेल्या सोयाबीनच्या पैशांतून आम्ही ते दिलेही. पैसे गेले, मी होते तिथंच होते.

त्यातून बाहेर यायला मला वर्ष-दीड वर्ष लागलं. बचत गटातल्या बायका विचारतात, आता तर दोन-तीन ओळखीचे भाऊही विचारतात, की तुम्ही नेमकं केलं काय. म्हणून जे करून बघितलं आणि टिकलं तेवढंच इथं क्रमानं लिहिते. यात दीक्षा लागत नाही, खर्च लागत नाही, घर सोडून कुठं जावं लागत नाही. सगळ्या घरावर आपण जी माया करतो तिच्यात आपलाही वाटा आहे, एवढं मान्य करावं लागतं. माझ्यासाठी तेच सगळ्यात अवघड गेलं.

आधी रक्त तपासा

अध्यात्माच्या लेखाची सुरुवात रक्तापासून कशी, असं वाटेल. पण माझं हिमोग्लोबिन 8 निघालं होतं. बाईच्या अंगात ते निदान 12 असावं लागतं. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे निम्म्याहून जास्त बायका जो थकवा, जी उदासी, जी चिडचिड आपल्या नशिबाची किंवा स्वभावाची समजतात, तिच्यात काही वाटा लोहाच्या कमतरतेचा असू शकतो. थायरॉइड मंदावलं तरी असंच होतं: झोप येत राहते, वजन वाढतं, मन उतरतं.

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन तपासून घ्या. थायरॉइड, साखर, बी-12 याबद्दल डॉक्टरांना विचारा. लोहाच्या गोळ्या दिल्या तर चहासोबत घेऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही. निदान तासाभराचं अंतर ठेवा आणि गोळीच्या वेळी लिंबू किंवा आवळा खा. स्वतःवरच्या मायेची पहिली पायरी मला तरी अशी तपासणीच्या चिठ्ठीवर भेटली.

दहा मिनिटं, ठरलेली

ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या बाईचा दिवस घड्याळावर नाही, नळावर चालतो. म्हणून ‘पहाटे पाच वाजता उठून ध्यान करा’ असं मी सांगणार नाही. तुमच्या दिवसात आधीच एखादी थांबण्याची वेळ असते, ती शोधा. नळाला पाणी सुटायच्या आधीची दहा मिनिटं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतची वेळ. लेकरं शाळेत गेल्यावर घर जेव्हा एकदम गप्प होतं, ती वेळ.

रात्रीच्या लायटीवर पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला गेलेल्या माणसाला एक वाफा भरेपर्यंत बांधावर बसायला मिळतं. तो वेळ मोबाइलला देऊ नका. दिवाळीच्या सुमाराला बीड-धाराशिवकडून ऊसतोडीला गेलेल्या बाईला देवघर कुठून आणायचं? तिच्यासाठी कोपीतली, म्हणजे तिथल्या झोपडीतली, गोधडी पुरे. झोपायच्या आधी गोधडीवर बसली की तिची जागा झाली.

जागा मात्र एकच ठेवा. माझी मागच्या दारची पायरी आहे, समोर कडुनिंब. महिनाभरानं असं झालं की पायरीवर बसताक्षणी खांदे आपोआप सैल व्हायला लागले.

श्वास: चार आत, सहा बाहेर

पाठ भिंतीला टेकवा. गुडघे दुखत असतील तर मांडीचा हट्ट नको, खुर्ची घ्या. एक हात बेंबीवर ठेवा. नाकानं श्वास घेताना मनात चार मोजा, सोडताना सहा. हाताखाली पोट फुगलं पाहिजे. असं दहा वेळा. सुरुवातीला मन इकडं तिकडं पळतंच; ते पळालं हे लक्षात आलं की पुन्हा ‘एक’पासून मोजा, स्वतःवर न रागावता.

श्वास घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात आणि सोडताना उतरतात. सोडण्याला जास्त वेळ दिला की अंग निवत जातं. चार आणि सहा मिळून एका श्वासाला साधारण दहा सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. 2001 साली इटलीतल्या संशोधकांनी जपमाळ ओढत ख्रिस्ती प्रार्थना म्हणणाऱ्या आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ म्हणणाऱ्या माणसांचे श्वास मोजले. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या लयीला त्याचा फायदा दिसला. मला हे वाचल्यावर आजीचं जातं आठवलं. ओवीची एक ओळ बहुधा एका श्वासात बसते. पहाटे दोन पायल्या दळून उठलेली बाई दमलेली असायची, पण तिचं तोंड कोमेजलेलं नसायचं.

एक सावधगिरी. मी चौदा वर्षांची असताना 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बोळवून गावं झोपली होती, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं झाली होती. आमचं घर उभं राहिलं, भिंत तेवढी तडकली, पण पुढं कित्येक महिने आम्ही अंगणात झोपलो. आजही भरलेला उसाचा ट्रॅक्टर घरावरून गेला आणि फरशी थरथरली की माझा हात आपोआप दाराच्या चौकटीकडे जातो. डोळे मिटल्यावर असं जुनं काही अंगावर आलं तर मिटून बसण्याची जबरदस्ती करू नका. डोळे उघडा, तळपाय जमिनीला घट्ट लावा, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या: दोरी, बादली, झाड, चप्पल, कोंबडी. अंगाला आजचा दिवस कळू द्या. त्यानंतर वाटलं तरच पुन्हा बसा.

नाम कुणाचं?

ज्याच्यासमोर तुम्हाला खोटं बोलावं लागत नाही, त्याचं. तुळजाभवानी असेल, पैठणचे नाथ असतील, खुलताबादच्या दर्ग्यातली शांतता असेल, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन असेल. देव मानत नसाल तर समोरचं झाड चालेल. बौद्ध घरांतून म्हटली जाणारी मैत्रीभावना मला फार मोलाची वाटते, कारण तिची सुरुवातच स्वतःपासून होते: मी सुखी होवो, मी निर्भय होवो. नंतर जवळची माणसं, नंतर अनोळखी, नंतर ज्याच्याशी वैर आहे तो. आपण हा क्रम नेमका उलटा करून ठेवलाय.

मला स्वतःला आधार मिळाला तो गंगाखेडच्या जनाबाईचा. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणारी बाई. तिच्या अभंगांतला विठोबा देवळात उभा राहून पूजा घेत बसत नाही. तो तिच्यासोबत दळण दळतो, शेण्या वेचतो, तिला न्हाऊ घालतो. जिला आयुष्यात कुणी पाणी भरून दिलं नसेल, त्या बाईनं देवाकडून स्वतःचं डोकं धुऊन घेतलं. मी कितीतरी वर्षं देवाकडे मागत होते ते घरच्यांसाठी: नवऱ्याची नोकरी, लेकाचे मार्क, पाऊस. माझं डोकं दुखतंय, जरा दाबून दे, असं मी देवाला कधी म्हटलंच नव्हतं. एके दिवशी पायरीवर बसून तसं म्हटलं आणि वर्षभर न आलेलं रडू आलं.

तर करायचं असं. श्वासाचे दहा फेरे झाले की दोन-तीन मिनिटं आपलं नाम घ्या, आणि नंतर एक वाक्य फक्त स्वतःसाठी मागा. आपल्या घरच्या बोलीत, पोथीच्या भाषेत नको.

आतला आवाज पकडा

दूध उतू गेलं. मनात आवाज येतो, ‘तुज्याच्यानं एक काम धड होत न्हाई.’ हे वाक्य माझं नव्हतं, लहानपणी ऐकलेलं होतं. पण चाळीस वर्षं ते माझ्याच आवाजात वाजत राहिलं.

आठवडाभर फक्त मोजा. असं वाक्य मनात आलं की पदराला किंवा रुमालाला एक गाठ मारा. मी पहिल्या दिवशी दुपारपर्यंत नऊ गाठी मारल्या. दुसऱ्या आठवड्यात, गाठ मारताना विचारा: हेच दूध धाकट्या बहिणीच्या हातून उतू गेलं असतं तर काय म्हटलं असतं? ‘जाऊ दे बाई, होतं असं, गॅस बंद कर आधी.’ तेच स्वतःला म्हणा, शक्यतो आवाज काढून.

2003 साली अमेरिकेतल्या क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी स्वतःवरच्या करुणेची मांडणी केली, तिच्यात तीन गोष्टी आहेत: स्वतःशी मायेनं बोलणं, हे माझ्या एकटीचं नाही तर माणसांचं असंच होतं हे ओळखणं, आणि जे झालं ते न फुगवता, न झाकता पाहणं. बहिणीला म्हटलेल्या त्या एका वाक्यात तिन्ही येतात. पुरुषांना ही पायरी जास्त जड जाते असं मी बघते. पीक गेलं तर पाऊस पडला नाही म्हणून गेलं, हे शेजाऱ्याबद्दल पटतं. स्वतःच्या बाबतीत मात्र ‘मीच नालायक’ हेच खरं वाटत राहतं.

चार दिवसांची वही

जेम्स पेनेबेकर या संशोधकानं 1986 साली कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, मनातल्या सगळ्यात दुखऱ्या गोष्टीबद्दल लिहायला लावलं. ज्यांनी घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना पुढच्या महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा जावं लागलं. पद्धत तीच ठेवा. लेकरांची जुनी वही घ्या. 15 मिनिटं पेन उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. कुणाला दाखवायचं नाही. लिहून झाल्यावर लगेच हलकं वाटत नाही, उलट तासभर जड वाटतं. त्यामुळं पाहुणे यायचे त्या दिवशी लिहायला बसू नका. आणि घाव अगदी ताजा असेल, माणूस जाऊन काही दिवसच झाले असतील, तर थोडं थांबा.

पहिल्या दिवशी मी सासूबाईंच्या औषधांच्या वेळा लिहिल्या, चादरी किती धुतल्या ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी हातून एक ओळ उतरली आणि मी वही फटकन मिटली. ‘त्या गेल्या तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.’ वर्षभर मी त्या एका ओळीपासून पळत होते. गालिच्याखाली सरकवलेला केर असावा तशी ती पडून होती, आणि मी तिच्यावरून रोज चालत होते. तिसऱ्या दिवशी त्याच ओळीच्या पुढून लिहायला लागले. मग आठवलं की शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझा हात धरून विचारलं होतं, ‘तू जेवलीस का गं माय?’ चौथ्या दिवशी दोन्ही गोष्टी एकाच पानावर होत्या: त्यांच्यावरची माया आणि त्यांच्या जाण्यानं झालेली सुटका. दोन्ही खऱ्या होत्या. पाचव्या दिवशी वही चुलवणात टाकून पाणी तापवलं आणि त्या पाण्यानं न्हाले.

लिहिता येत नसेल तर मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करा आणि पुसून टाका. विहिरीच्या काठाला, झाडाला सांगितलं तरी चालतं. आणि कुणाला माफ करण्याची घाई करू नका. ज्यांनी मारलं, फसवलं, त्यांना माफ केल्याशिवाय मन शुद्ध होत नाही असं सांगणारे पुष्कळ भेटतील. मला ते पटत नाही. आधी झालेलं खरं मांडा. माफी यायची असेल तर ती मागून येईल, नाही आली तरी तुम्ही बऱ्या होऊ शकता.

पहिली भाकरी

आठवड्यातून एक दिवस ठरवा. त्या दिवशी तव्यावरून उतरलेली पहिली भाकरी आपली. भाकरी टम्म फुगली, पापुद्रा सुटला की तिच्यावर तुपाची किंवा करडईच्या तेलाची धार, शेंगदाण्याची चटणी, आणि बसून खायची. बसून हे महत्त्वाचं. बाकीच्यांच्या भाकरी दहा मिनिटांनी होतील.

पहिल्यांदा मी असं केलं तेव्हा घास तोंडात फिरत राहिला. चोरी करतोय असं वाटलं. नवरा दारात येऊन थांबला, काही बोलला नाही, पाण्याचा तांब्या आणून माझ्याजवळ ठेवला. सगळ्यांच्या घरी तांब्या येईलच असं नाही. काही घरांत टोमणे येतील. तिथं भांडण नको, आधी सांगून टाका: ‘डॉक्टरांनी गरम जेवायला सांगितलंय.’ रक्त कमी असलेल्या बाईनं वेळेवर पोटभर जेवायचं असतंच, तेव्हा यात खोटं काही नाही.

झोपेचंही हेच. सहा-सात तासांची झोप हा ऐषाराम नाही. वीस मिनिटं पायी चालणं, उन्हात बसणं, महिन्यातून एकदा डोक्याला तेल लावून घेणं, लावणं नव्हे, लावून घेणं, ही सगळी माझ्या लेखी उपासनाच आहे.

जिथं हे पुरत नाही

दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन खाली असेल, झोप-भूक मोडली असेल, जगून काय उपयोग असं वाटत असेल, तर वही आणि श्वास यांच्यावर विसंबू नका. 14416 हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. नाम आणि गोळी एकमेकांच्या आड येत नाहीत. मी आठ महिने दोन्ही घेतलं.

घरातलं माणूस गप्प गप्प झालं असेल, निरवानिरवीचं बोलत असेल, तर सरळ विचारा, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्यानं तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. फवारणीचं औषध घरात ठेवू नका; कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा. त्या माणसाला एकटं सोडू नका. आणि कर्जाचा डोंगर असेल तर तो ध्यानानं उतरत नाही. बँकेत जाऊन पुनर्गठनाचं बोलणं, सावकाराची चिठ्ठी जाणत्या माणसाला दाखवणं हे त्याच आठवड्यात करावं लागतं, सोबत कुणाला तरी घेऊन.

कुणी भीती घालून पैसे मागत असेल, करणी झाली, दोष आहे, मूल होणार नाही असं सांगत असेल, तर उठून या. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. अशी तक्रार पोलिसांत करता येते. मी केली नाही, याची मला आजही खंत आहे.

सोबत

हे सगळं एकटीनं फार दिवस रेटत नाही. भजनी मंडळ असेल तर जा, गळा नसला तरी जा. टाळ धरायला गळा लागत नाही. बचत गट, विहारातली रविवारची वंदना, चालायला जाणाऱ्या दोघी-तिघी, काहीही चालेल. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, आपण रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाला शेतात बोलावून भज्जी-आंबील देतो. तेवढाच मोकळेपणा दोन माणसांशी आपल्या मनाबद्दल ठेवा. मध्ये चार दिवस खाडा पडला तर पाचव्या दिवशी पायरीवर जाऊन बसायचं, मागचं भरून काढत बसायचं नाही.

आमच्या मंडळात एकादशीला भजनाआधी एक फेरी होते. या पंधरवड्यात स्वतःसाठी काय केलं ते प्रत्येकीनं एका वाक्यात सांगायचं. मागच्या वेळी सत्तरीच्या एका आज्जींची पाळी आली. त्या बराच वेळ टाळाच्या दोरीशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्या परवा पयल्या पाण्यानं न्हाले. सगळ्यांच्या आधी. बंब भरून.’ पेटीवाल्या बाईनं सूर धरला होता, तो तिनं थोडा वेळ तसाच धरून ठेवला.